डिजिटल पुराव्याची विश्वसनीयता

डिजिटल पुराव्याची विश्वसनीयता हा गुन्हे अन्वेषण, न्यायसहायक विज्ञान आणि पुरावा-कायदा या तिन्हींच्या कक्षेत येणारा विषय आहे. संगणक, मोबाइल, मेमरी कार्ड, सीसीटीव्ही यंत्रणा, सर्व्हर तसेच दूरसंचार कंपन्यांच्या नोंदी यांतून मिळालेली माहिती न्यायालयाने कितपत आणि कशाच्या आधारे खरी मानावी, याचा त्यात विचार होतो. हा प्रश्न ग्राह्यतेच्या प्रश्नाहून वेगळा आहे. पुरावा दाखल करून घेता येतो की नाही, हा ग्राह्यतेचा प्रश्न होय. दाखल झालेल्या पुराव्यातून जे सिद्ध होते असे सांगितले जाते ते खरोखर सिद्ध होते का, हा विश्वसनीयतेचा. भारतात २००० नंतरची सुमारे दोन दशके न्यायालयीन चर्चा मुख्यतः पहिल्या प्रश्नाभोवती, म्हणजे भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ६५-ब मधील प्रमाणपत्राभोवती फिरत राहिली. दुसरा प्रश्न त्या मानाने मागे पडला.

स्वरूप

कागदावरील खाडाखोड बहुधा डोळ्यांना दिसते. शाई, हस्ताक्षर किंवा कागदाचे वय यांवरूनही तज्ज्ञ काही अनुमान काढू शकतो. डिजिटल नोंदीत बदल केल्यास असा मागमूस उरेलच असे नाही. उलटपक्षी, वापरकर्त्याने पुसून टाकलेली माहिती अनेकदा साठवण-माध्यमावर शिल्लक असते आणि परत मिळवता येते. म्हणजेच हा पुरावा एकाच वेळी अतिशय नाजूक आणि अतिशय चिवट असतो.

आणखी एक फरक सहसा लक्षात घेतला जात नाही. डिजिटल पुरावा प्रत्यक्ष कोणीच पाहत नाही. डिस्कवर असतात ते केवळ शून्य आणि एक या अंकांचे क्रम. त्यांचा संदेश, छायाचित्र किंवा वेळ म्हणून अर्थ लावते ती आज्ञावली. न्यायालयापुढे येतो तो तिने लावलेला अर्थ, आणि त्या आज्ञावलीची उलटतपासणी होत नाही.

जप्ती, नक्कल आणि हॅश मूल्य

उपकरण जप्त करताना त्याचा प्रकार, अनुक्रमांक, चालू-बंद स्थिती आणि शक्य असल्यास घड्याळातील वेळ यांची नोंद पंचनाम्यात केली जाते. चालू मोबाइल जाळ्यापासून तोडणे आवश्यक असते, कारण दूरून आज्ञा देऊन त्यातील माहिती पुसता येते. त्यासाठी लहरी अडवणारी फॅरडे पिशवी वापरतात. मुद्देमाल सीलबंद करून तो कोणाकडून कोणाकडे केव्हा गेला याची सलग नोंद ठेवली जाते. या साखळीतील एखादा दुवा तुटल्यास बचाव पक्षाचा पहिला आक्षेप तेथेच येतो.

तपासणी मूळ उपकरणावर न करता त्याच्या तंतोतंत नकलेवर करावी, असा संकेत आहे. नक्कल घेताना मूळ डिस्कवर काहीही लिहिले जाऊ नये यासाठी राइट ब्लॉकर हे साधन मध्ये जोडतात. त्यानंतर मूळ आणि नक्कल या दोहोंचे हॅश मूल्य काढले जाते. हॅश मूल्य म्हणजे कितीही मोठ्या माहितीवर ठरावीक गणिती प्रक्रिया करून मिळणारी ठरावीक लांबीची संख्या. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांत लिहिली जाते. माहितीतील एक अंश जरी बदलला तरी हे मूल्य पूर्णपणे बदलते. म्हणून जप्तीच्या वेळचे आणि तपासणीच्या वेळचे मूल्य जुळले, तर दरम्यान काही बदलले नाही असे मानता येते.

याचा उपयोग किती होऊ शकतो हे केरळमधील एका गाजलेल्या प्रकरणात दिसले. एका अभिनेत्रीवर २०१७ साली झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात न्यायालयाच्याच ताब्यात असलेल्या मेमरी कार्डाचे हॅश मूल्य बदलल्याचे प्रयोगशाळेच्या तपासणीत आढळले आणि केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये चौकशीचा आदेश दिला. हॅश मूल्याची नोंद नसती, तर ही गोष्ट उघडकीस येणे अवघड होते.

मात्र या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मोबाइल चालू केल्याशिवाय त्यातील माहिती बहुधा काढता येत नाही आणि चालू होताच त्यातील काही नोंदी बदलतात. त्यामुळे एकाच फोनमधून दोनदा काढलेल्या माहितीचे हॅश मूल्य सारखे येईलच असे नाही. एसएसडी प्रकारच्या डिस्क विद्युतपुरवठा मिळताच पुसलेल्या माहितीची जागा आपणहून मोकळी करू लागतात. तेथे राइट ब्लॉकरचाही इलाज चालत नाही. एमडी५ या जुन्या पद्धतीत दोन वेगळ्या फायलींचे मूल्य सारखे आणता येते हे चिनी गणितज्ञ वांग श्याओयुन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले. एसएचए-१ बाबत तेच गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने २०१७ मध्ये करून दाखवले. आधीच अस्तित्वात असलेल्या फायलीशी मूल्य जुळणारी बनावट फाइल तयार करणे यापेक्षा कितीतरी कठीण असल्याने जुने पुरावे एकदम निकामी ठरत नाहीत; तरीही नव्या कामात या पद्धती एकट्याने वापरणे टाळले जाते.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा तांत्रिक नसून तार्किक आहे. हॅश मूल्य फक्त ते काढल्यानंतरच्या काळाविषयी बोलते. त्यापूर्वी ती फाइल तेथे कशी आली, कोणी ठेवली, याविषयी ते काहीही सांगत नाही. जप्तीच्या जागी मूल्य न काढता काही दिवसांनी प्रयोगशाळेत काढले, तर मधले दिवसही या संरक्षणाबाहेर राहतात.

अर्थ लावण्यातील चुका

नक्कल निर्दोष असूनही तिचा अर्थ चुकीचा लावला जाऊ शकतो. वेळेची गफलत हे त्याचे नेहमीचे उदाहरण. विंडोजमधील एनटीएफएस ही फाइल-प्रणाली वेळा जागतिक प्रमाणवेळेत साठवते, तर पेन ड्राइव्ह व मेमरी कार्डांवर आढळणारी जुनी फॅट प्रणाली स्थानिक वेळेत. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तासांनी पुढे असल्याने, तपासणीच्या साधनात हा फरक नीट भरला नाही तर पहाटे दीडची घटना आदल्या दिवशी रात्री आठची ठरते. आरोपी घटनास्थळी होता की नाही, याचा निर्णय कधीकधी एवढ्याच फरकावर अवलंबून असतो. सीसीटीव्ही यंत्राचे घड्याळ मागेपुढे असणे तर इतके सामान्य आहे, की जप्तीच्या वेळी प्रमाणवेळेशी असलेला त्याचा फरक पंचनाम्यात लिहिणे हा चांगल्या तपासाचा भाग मानला जातो.

आज्ञावलीतील दोषाचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील २०११ च्या एका खून खटल्याचा उल्लेख होतो. आरोपीच्या घरातील संगणकावरून क्लोरोफॉर्मविषयीचे एक संकेतस्थळ ८४ वेळा पाहिले गेले, असे सरकार पक्षाने मांडले होते. हा आकडा ज्या आज्ञावलीतून आला होता तिच्या निर्मात्यालाच नंतर चूक आढळली. ते पान एकदाच उघडले गेले होते आणि ८४ ही संख्या दुसऱ्याच संकेतस्थळाच्या भेटींची होती. आरोपीची खुनाच्या आरोपातून मुक्तता झाली.

डेन्मार्कमध्ये हाच प्रश्न देशव्यापी झाला. दूरसंचार कंपन्यांकडून आलेल्या नोंदी पोलिसांना वाचता येतील अशा रूपात आणणाऱ्या आज्ञावलीत दोष असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. काही नोंदी गळत होत्या, काही ठिकाणी मोबाइलचे स्थान चुकीचे दाखवले जात होते. २०१२ पासूनच्या सुमारे १०,७०० प्रकरणांचा फेरआढावा घेण्याचा निर्णय झाला आणि दोन महिने न्यायालयात मोबाइल-नोंदींचा वापर थांबवण्यात आला.

आज्ञावली निर्दोष असली, तरी मोबाइल-नोंदींवरून काढलेले निष्कर्ष जपूनच घ्यावे लागतात. कॉलच्या तपशिलात फोन कोणत्या मनोऱ्याशी जोडला गेला एवढेच असते. फोन बहुधा सर्वांत चांगला संकेत देणारा मनोरा निवडतो आणि तो सर्वांत जवळचा असेलच असे नाही. दाट वस्तीच्या शहरात एका मनोऱ्याचे क्षेत्र काहीशे मीटरचे, तर ग्रामीण भागात काही किलोमीटरचे असू शकते. «आरोपीचा फोन अमुक मनोऱ्याच्या क्षेत्रात होता» आणि «आरोपी घटनास्थळी होता» या दोन विधानांत त्यामुळे बरेच अंतर आहे. दोषारोपपत्रांत ते नेहमीच राखले जाते असे नाही.

तपासणाऱ्या व्यक्तीचा पूर्वग्रह हाही घटक आहे. नीना सुंडे आणि इतिएल ड्रोर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३ डिजिटल तज्ज्ञांना एकच पुरावा-फाइल तपासण्यास दिली होती; प्रकरणाची सोबतची माहिती मात्र गटागटांना वेगळी दिली. आरोपी निर्दोष असावा असे सुचवणारी माहिती मिळालेल्या गटाला कमी खुणा सापडल्या. अगदी सारखीच माहिती मिळालेल्या तज्ज्ञांचे निष्कर्षही आपसांत पुरेसे जुळले नाहीत.

कृती कोणाची?

उपकरण आरोपीचे आहे आणि फाइल त्यात आहे, हे सिद्ध झाल्यावरही ती आरोपीनेच तेथे ठेवली का, हा प्रश्न उरतो. घरातील किंवा कार्यालयातील संगणक अनेकांच्या हाताखालून जातो, आणि दूरून ताबा मिळवणाऱ्या घातक आज्ञावलीमुळे मालकाला न कळतही त्यात काही ठेवता येते.

महाराष्ट्रात हा प्रश्न एल्गार परिषद प्रकरणात ऐरणीवर आला. पुण्यातील शनिवारवाड्यावर ३१ डिसेंबर २०१७ रोजी झालेली परिषद आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे उसळलेला हिंसाचार यांच्या तपासात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अनेक कार्यकर्त्यांना अटक केली. जानेवारी २०२० मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. जप्त केलेल्या संगणकांतील पत्रे हा आरोपांचा महत्त्वाचा आधार होता. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने एका आरोपीच्या डिस्कची नक्कल तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या तिच्या अहवालानुसार नेटवायर या आज्ञावलीद्वारे तो संगणक सुमारे २२ महिने बाहेरील व्यक्तीच्या ताब्यात होता आणि वादग्रस्त पत्रे त्या मार्गाने एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. त्या संगणकावर असलेल्या वर्ड आज्ञावलीपेक्षा नव्या आवृत्तीत ती तयार झाली होती आणि वापरकर्त्याने ती उघडल्याची खूण आढळली नाही, असेही अहवालात म्हटले होते. तपास यंत्रणेने हे निष्कर्ष अमान्य केले. अहवालाच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. अहवाल खरा की खोटा, हे पुराव्याच्या सुनावणीतूनच ठरू शकते. विश्वसनीयतेच्या चर्चेत त्याचे महत्त्व असे, की जप्तीनंतरची सर्व प्रक्रिया निर्दोष असली आणि हॅश मूल्ये तंतोतंत जुळली, तरीही अहवालाने उपस्थित केलेल्या शंकेला त्यांतून उत्तर मिळत नाही.

भारतीय कायद्याची वाटचाल

डिजिटल युगापूर्वी हाच वाद ध्वनिफितींबाबत झाला, आणि त्यातील पायाभूत खटले मुंबईतील होते. युसुफअली इस्माईल नागरी वि. महाराष्ट्र राज्य (१९६७) या लाचखोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफीत ग्राह्य धरली, पण फीत पुसून पुन्हा वापरता येत असल्याने ती सावधपणे स्वीकारावी, असे बजावले. मुंबईच्या तत्कालीन कोरोनरविरुद्धच्या आर. एम. मलकानी वि. महाराष्ट्र राज्य (१९७२) या खटल्यात संभाषण संबंधित असणे, आवाज ओळखता येणे आणि फेरफाराची शक्यता दूर करून अचूकता सिद्ध होणे, या अटी घालण्यात आल्या. या निकालांचा रोख थेट विश्वसनीयतेवर होता.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० द्वारे पुरावा अधिनियमात ६५-अ आणि ६५-ब ही कलमे आली. संगणकीय नोंदीची प्रत सादर करताना संबंधित उपकरणाच्या जबाबदार व्यक्तीने सही केलेले प्रमाणपत्र जोडावे, अशी तरतूद झाली. ते देणाऱ्याने आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे विधान केले तरी पुरे होते. हा मजकूर ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिडन्स ॲक्ट, १९६८ च्या कलम ५ वर बेतलेला होता. भारताने तो स्वीकारला तेव्हा ब्रिटनने मात्र तो रद्द केलेला होता.

संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात (दिल्ली राज्य वि. नवज्योत संधू, २००५) सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र नसतानाही मोबाइल कॉलच्या नोंदी इतर कलमांखाली स्वीकारल्या. अन्वर पी. व्ही. वि. पी. के. बशीर (२०१४) या केरळमधील निवडणूक प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हा भाग फिरवला आणि प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. पुढे शफी मोहम्मद वि. हिमाचल प्रदेश राज्य (२०१८) मध्ये दोन न्यायमूर्तींनी, उपकरण ज्याच्या ताब्यात नाही अशा पक्षासाठी ही अट शिथिल करता येईल असे म्हटले. परिणामी तपास अधिकारी आणि सत्र न्यायालये यांच्यापुढे परस्परविरोधी निकाल उभे राहिले.

हा गुंता सुटला तो जालन्यातील एका निवडणूक वादातून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांनी काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकर यांनी उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल केला, असा गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण हा त्याचा आधार होता. वारंवार मागूनही प्रशासनाने प्रमाणपत्र दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानून नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळले, कारण इतर पुरावाही पुरेसा होता. तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत केव्हाच संपली होती.

न्या. नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. रामसुब्रमण्यन यांच्या या निकालाने प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. मूळ उपकरणच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिल्यास प्रमाणपत्राची गरज नाही. संबंधित व्यक्ती ते देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते. सर्व प्रयत्न करूनही मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही, हे तत्त्व लागू होते. फौजदारी तपासात दूरसंचार कंपन्यांनी संबंधित नोंदी वेगळ्या व सुरक्षित ठेवाव्यात, असाही निर्देश देण्यात आला.

ब्रिटनचा अनुभव

फौजदारी खटल्यांत संगणक नीट चालत होता हे दाखवण्याची ब्रिटिश कायद्यातील अट (पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्ट, १९८४, कलम ६९) विधी आयोगाच्या १९९७ च्या शिफारशीनंतर रद्द झाली. त्यानंतर इंग्लंडमध्ये यंत्र नीट चालत असल्याचे गृहीतक लागू झाले आणि ते खोडण्याचा भार व्यवहारात आरोपीवर आला. याच काळात टपाल खात्याच्या होरायझन या हिशेब-प्रणालीतील तुटीच्या आधारे ९०० हून अधिक उपटपालचालकांना चोरी, अपहार व खोट्या हिशेबाच्या गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आले. प्रणालीतच दोष होते, हे डिसेंबर २०१९ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने मान्य केले. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा रद्द झाली आणि मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून उर्वरित बहुतेकांची दोषसिद्धी रद्द केली. प्रमाणपत्राची अट निव्वळ औपचारिक वाटत असली, तरी ती काढून तिच्या जागी काहीही न ठेवल्यास काय होते, याचे हे उदाहरण आहे.

सध्याची तरतूद

१ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र दोन भागांत आहे: ‘अ’ भाग नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश मूल्य आणि ते काढण्याची पद्धत लिहावी लागते. विश्वसनीयतेचा एक तांत्रिक निकष अशा प्रकारे प्रथमच प्रमाणपत्रात आला. नमुन्यात एसएचए-२५६ सोबत एसएचए-१ आणि एमडी५ हे पर्यायही ठेवले आहेत, हे वर सांगितलेल्या कारणांमुळे खटकते. ‘ब’ भागावर सही करणारा तज्ज्ञ कोण असावा, याची व्याख्या त्या कलमात नाही. सरकारी प्रयोगशाळेपर्यंत सहज पोहोचणाऱ्या तपास यंत्रणेपेक्षा स्वतःच्या मोबाइलमधील संदेश दाखल करू पाहणाऱ्या सामान्य पक्षकाराला ही अट अधिक जड जाते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक झाले आहे; त्यासाठी ई-साक्ष्य हे ॲप वापरात आले. कलम १७६ (३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे. ही तरतूद केव्हापासून लागू करायची, हे पाच वर्षांच्या आत ठरवण्याची मुभा राज्य सरकारांना आहे, आणि ज्या राज्यात अशी सुविधा नाही त्याने दुसऱ्या राज्याची सुविधा वापरावी, असे कलमात म्हटले आहे.